जुन्या कॅम्पर व्हॅनच्या इंजिनात ऑटोमॅटिक अग्निशामक बसवताना: आधी पेट्रोल, मग तापमान, शेवटी सिलिंडर

जुनी व्हॅन कॅम्पर करून घेणाऱ्यांचा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. आधी सिलिंडर विकत घेतात, मग तो कुठे मावेल ते शोधतात, आणि पेट्रोलचा पाइप तपासायचाच राहून जातो. मग एखाद्या मे महिन्यात गाडी नुसती उन्हात उभी असताना अग्निशामक आपोआप फुटतो. त्याहून वाईट म्हणजे खरी आग लागते, तो फुटतो, आग विझते आणि गळक्या पाइपातून पेट्रोल येतच असल्यामुळे पुन्हा भडकते.

पुढचा क्रम नागपूरच्या उन्हात चालणाऱ्या गाड्यांसाठी, प्रामुख्याने मागे इंजिन असलेल्या फोक्सवॅगन कोम्बीसाठी आहे. आपल्याकडे जास्त दिसणारी जुनी मारुती ओम्नी आणि बजाज टेम्पो मॅटाडोर यांना कुठे वेगळं करावं लागतं, ते त्या त्या ठिकाणी दिलं आहे. पायऱ्या याच क्रमाने करा. पहिल्या दोन पायऱ्या होईपर्यंत अग्निशामक घ्यायला दुकानात जाऊ नका.

## पायरी १: आग लागण्याची कारणं आधी काढा

अग्निशामक एकदाच फुटतो. गळती मात्र रोज चालू असते.

इंजिन पूर्ण थंड असताना, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, दिवसाउजेडी काम सुरू करा. पेट्रोलचा रबरी पाइप टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत हाताने चाचपत जा. जुन्या कोम्बीला कापडी वेष्टणाचा पाइप असतो आणि तो वरून ठणठणीत दिसतो. जोडाजवळ दोन बोटांत धरून वाकवा आणि कापडाचे धागे बाजूला सरकवा. खाली बारीक आडव्या चिरा दिसल्या किंवा बोटांना पेट्रोलचा वास आला, तर तो पाइप संपला. एखादाच तुकडा बदलू नका, सगळे बदला. आता पंपांवर ई-२० पेट्रोल मिळतं आणि त्यातल्या इथेनॉलपुढे जुनं रबर टिकत नाही. नवीन पाइपावर ‘एसएई जे३० आर९’ असा छाप बघून घ्या. मीटरवर मिळणारा बिनछापाचा पाइप कितीही जाड असला तरी घेऊ नका.

यानंतर या चार जागा बघा.

कार्ब्युरेटरचा पितळी निपल: ज्यावर पाइप चढतो ती छोटी नळी बहुधा नुसती ठोकून बसवलेली असते. बोटांनी धरून फिरवून बघा. जराही फिरली, तर चालत्या गाडीत ती पाइपासकट निघू शकते आणि पंप थेट तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतत राहतो. खराद्याकडून आटे पाडून घट्ट बसवून घ्या. डिंक किंवा एम-सील लावून भागवू नका.

प्लॅस्टिकचा फिल्टर: पंप आणि कार्ब्युरेटर यांच्या मध्ये, डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) डोक्यावर लोंबकळणारा पारदर्शक फिल्टर बऱ्याच गाड्यांत दिसतो. त्याच्या वजनाने दोन्ही बाजूंचे जोड ढिले होतात आणि खालीच ठिणगी असते. तो इंजिनच्या कप्प्यातून काढून टाकीच्या बाजूला, गाडीच्या खाली घ्या.

पत्र्यातून पाइप जातो ती जागा: तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) नसेल, तर पत्र्याची धार पाइप कापत असते.

क्लिपा: पट्टीला आरपार भोकं असलेली क्लिप आवळली की रबर त्या भोकांत घुसून कापलं जातं. गुळगुळीत पट्टीची, कडा वळवलेली क्लिप वापरा.

वायरिंगमध्ये कोम्बीच्या बॅटरीकडे खास लक्ष द्या, कारण ती इंजिनच्या कप्प्यातच बसते. बॅटरीच्या प्लस टोकावर झाकण हवं आणि बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधलेली हवी. घासून तांबं उघडं पडलेली वायर टेप गुंडाळून ठेवू नका, बदला. कॅम्परसाठी नंतर ओढलेल्या इन्व्हर्टर, पंखा किंवा फ्रिजच्या वायरीला बॅटरीजवळच फ्यूज हवा.

तपासणी: इंजिन सुरू करून दहा मिनिटं चालू ठेवा. प्रत्येक जोडाखाली कोरा पांढरा कागद फिरवा. ओला डाग किंवा वास आला, तर पुढची पायरी थांबवा.

## पायरी २: कप्प्यातली हवा किती तापते ते मोजा

नागपुरात ही पायरी टाळून चालतच नाही. मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, आणि दुकानात सहज मिळणारा, छताला टांगायचा ऑटोमॅटिक अग्निशामक बहुतेक वेळा लाल काचेच्या बल्बचा असतो. लाल बल्ब ६८ अंशांना फुटतो. सर्व्हर रूमसाठी तो ठीक. इंजिनच्या कप्प्यात तो आग नसतानाच फुटेल. गॅरेजमध्ये कोणी म्हणेल, “काही नाही होत भाऊ, हाच लावून टाकू.” लावू देऊ नका.

मोजायला लांब वायरीचा डिजिटल थर्मामीटर घ्या. त्याचं टोक कप्प्याच्या छताजवळ हवेत लोंबकळू द्या, पत्र्याला टेकू देऊ नका, आणि वायर पुढे ड्रायव्हरपर्यंत आणा. नेम धरून वापरायची इन्फ्रारेड गन इथे उपयोगाची नाही. ती पृष्ठभागाचं तापमान सांगते, हवेचं नाही.

मोजमापाची फेरी दुपारी १ ते ४ च्या दरम्यान करा. नागपूर ते रामटेक साधारण ५० किलोमीटर आहे. कामठी रोडवरची गर्दी, मग मोकळा हायवे आणि शेवटी गडाचा चढ, तिन्ही एकाच फेरीत मिळतात. वर पोहोचल्यावर इंजिन बंद करा, झाकण उघडू नका, आणि दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. बंद केल्यावर तो आधी वाढेल. पंखा थांबलेला असतो आणि तापलेलं इंजिन सगळी उष्णता त्या बंद जागेत सोडतं. म्हणून सगळ्यात मोठा आकडा चालत्या गाडीत नव्हे, उभ्या गाडीत मिळतो. आकडा उतरायला लागेपर्यंत थांबा.

हे काम डिसेंबरात करत असाल, तर त्या दिवसाचं बाहेरचं तापमान आणि ४५ यांच्यातला फरक मिळालेल्या आकड्यात मिळवा. बाहेर २८ असताना कप्प्यात ७० आले, तर मे महिन्यासाठी ८७ धरा.

आलेल्या सर्वोच्च आकड्यात निदान ३० अंश मिळवा. त्याच्या खाली फुटणारी कोणतीही वस्तू घेऊ नका. ८७ आले तर हिशोब ११७ चा होतो. मग काचेच्या बल्बांपैकी पिवळा (७९) आणि हिरवा (९३) दोन्ही बाद होतात आणि उरतो निळा (१४१). उष्णतेने फुटणाऱ्या नळ्यांमध्ये १२० अंशांच्या आसपासच्या मिळतात. या हिशोबात त्या जेमतेम बसतात आणि काचेपेक्षा हादरे जास्त सोसतात.

## पायरी ३: यंत्रणा निवडा

इंजिनसाठी मुख्यतः तीन प्रकार उपयोगी पडतात.

पहिला प्रकार म्हणजे वायू भरलेली बंद नळी. नळी हीच टाकी. आगीची आच लागते तिथे ती फुटते आणि आतला वायू तिथेच सुटतो. ना वायर, ना सिलिंडर. कोम्बीसारख्या चारही बाजूंनी बंद कप्प्यासाठी माझी पसंती हिलाच आहे.

दुसऱ्या प्रकारात सिलिंडर कप्प्याबाहेर राहतो आणि दाबाखालची पातळ नळी आत फिरते. काही रचनांत फुटलेल्या जागेतूनच वायू बाहेर येतो. काहींत नळी फक्त आग ओळखते, तिचा दाब उतरला की सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडतो आणि वायू किंवा पावडर वेगळ्या नोझलमधून येते. कप्पा मोठा किंवा उघडा असेल, तर नोझलवाली रचना घ्या.

तिसरा प्रकार म्हणजे बल्ब लावलेला पावडरचा सिलिंडर थेट कप्प्यातच टांगणं. हा मी सुचवत नाही. दाबाखालचा सिलिंडर इंजिनच्या उष्णतेत ठेवायचा, वर काचेला रोज हादरे द्यायचे, यात कशाचीच खात्री राहत नाही.

पावडर की वायू, हे कप्पा किती बंद आहे यावर ठरतं. वायू साचून राहिला तरच आग विझते. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं आणि खालून बरंचसं उघडं, त्यामुळे वायू खाली निघून जातो. तिथे नोझल थेट कार्ब्युरेटर आणि पेट्रोल पंपाकडे रोखलेली रचना हवी आणि पावडर चालेल. मॅटाडोरमध्ये इंजिनचा उंचवटा केबिनमध्येच दोन सीटांच्या मध्ये येतो. या दोन्ही गाड्यांत माणसं इंजिनच्या वर किंवा शेजारीच बसतात, म्हणून झाकणाचं रबर अखंड असल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्वच्छ म्हणून विकले जाणारे फ्लोरिनयुक्त वायू ज्वाळेत सापडले की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो आणि तो घशाला व फुप्फुसांना घातक असतो.

किती वायू किंवा पावडर लागेल ते कप्प्याच्या आकारमानावरून काढा. लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये मोजून गुणाकार करा. उदाहरणार्थ, १.२ × ०.९ × ०.६ म्हणजे साधारण ०.६५ घनमीटर. इंजिनने व्यापलेली जागा वजा करू नका. हा आकडा घेऊन उत्पादकाच्या तक्त्यात वरचं माप निवडा.

खरेदी करताना लेबलवर चार गोष्टी वाचा: भरल्याची तारीख, बदलण्याची तारीख, भरलेलं वजन, आणि कायम सोसण्याची तापमानमर्यादा. ही मर्यादा म्हणजे फुटण्याचं तापमान नव्हे. जुना सिलिंडर परत भरून स्वस्तात देणारे भेटतात. देशभरच्या गॅस सिलिंडरांवर देखरेख ठेवणाऱ्या पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचं) मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे आणि नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेजही याच शहरात आहे. अशा ठिकाणी राहून दाबाखालची वस्तू बिनकागदाची घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

## पायरी ४: ड्रिल उचलण्याआधी साध्या पाइपाने आखा

नळीच्याच लांबीचा आणि जाडीचा एक साधा पाण्याचा पाइप घ्या आणि आधी तो कप्प्यात बांधून बघा.

उष्णता वर जाते, म्हणून नळी छताजवळून न्यायची. ती कार्ब्युरेटर, पेट्रोल पंप आणि बॅटरी या तिघांच्या वरून गेली पाहिजे. एक्झॉस्ट आणि हीटरच्या पाइपांपासून निदान १५ सेंटिमीटर लांब ठेवा. कोम्बीत हवा खेचणाऱ्या पंख्याच्या तोंडासमोरून नेऊ नका. तिथे थंड हवा सतत वाहते, आच उशिरा लागते आणि सुटलेला वायूही पंखा ओढून नेतो.

वळण मोठं आणि गोल ठेवा. नळी कोपऱ्यात काटकोनात दुमडली, तर हादऱ्यांनी तिथेच तडा जातो. आखणी झाली की झाकण लावून बघा, मग उघडून पाइपावर घासल्याचे डाग शोधा. एअर फिल्टर, डिपस्टिक, स्पार्क प्लग आणि पंख्याचा पट्टा पाइप न सोडता काढता येतात का, तेही करून बघा. प्रत्येक सर्व्हिसिंगला नळी सोडावी लागली, तर एक दिवस मिस्त्री ती परत लावायचा नाही.

बाहेर सिलिंडर असेल, तर त्याची जागा उन्हाचा विचार करून ठरवा. बऱ्याच सिलिंडरांवर ५५ किंवा ६० अंशांची मर्यादा छापलेली असते, आणि नागपूरच्या उन्हात काचा बंद करून ठेवलेल्या गाडीत काचेजवळची जागा ती मर्यादा सहज ओलांडते. म्हणून सिलिंडर फरशीलगत, काचेपासून दूर, हवा खेळेल अशा कप्प्यात ठेवा, आणि दाबाच्या मीटरचा काटा रोज दिसेल असा.

## पायरी ५: प्रत्यक्ष बसवणं

धोका: कोम्बीत इंजिनच्या पुढच्या पडद्याच्या पलीकडे लगेच पेट्रोलची टाकी आहे. त्या पत्र्यात भोक पाडायचंच नाही. बाजूचा आणि वरचा पत्रा वापरा, आणि तिथेही पलीकडे काय आहे ते हात घालून बघा. चॅसिसच्या मुख्य पट्ट्यांनाही ड्रिल लावू नका.

१. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. नळी अजून खोक्यातच राहू द्या. ड्रिल आणि वेल्डिंग चालू असताना ती गाडीजवळही नको.

२. क्लिपांच्या जागी आधी पंच मारा, मग बारीक आणि नंतर मापाचं ड्रिल. ड्रिलला टेप गुंडाळून खोली मर्यादित ठेवा. भोकाच्या कडा घासा, प्राइमर लावा.

३. सिलिंडरचं ब्रॅकेट चार एम-८ (८ मिलिमीटरच्या) बोल्टांनी बसवा. पत्र्याच्या मागे मोठे वॉशर आणि नायलॉक (आत नायलॉन असलेले, सहज सैल न होणारे) नट हवेत. रिव्हेट किंवा पत्र्याचे स्क्रू चालणार नाहीत. समोरून धडक बसली, तर सुटलेला सिलिंडर केबिनभर उडेल. सिलिंडरला वेल्डिंग करू नका, भोक पाडू नका.

४. सगळा बुरादा ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा. लोखंडाचा कीस बॅटरीवर किंवा कार्ब्युरेटरमध्ये जाता कामा नये.

५. आता नळी खोक्यातून काढा आणि रबर लावलेल्या धातूच्या क्लिपांत बसवा. सोबत आलेल्या क्लिपा असतील तर त्याच वापरा. प्लॅस्टिकचे केबल टाय इथे वितळतात किंवा ठिसूळ होऊन तुटतात. क्लिप इतकीच आवळा की नळी सरकणार नाही, पण चेपणारही नाही.

६. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ग्रोमेट घाला आणि उरलेली फट बंद करा. केबिन आणि इंजिन यांच्यातली प्रत्येक फट म्हणजे धुराला आत यायची वाट.

७. प्रत्येक नट आणि त्यामागचा पत्रा यांवर पेंटने एक सलग रेघ ओढा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते.

## पायरी ६: पेट्रोल आपोआप बंद होण्याची सोय

अग्निशामक लावणारे हा भाग सोडून देतात, आणि आग परत भडकते ती याच्यामुळे.

मूळचा यांत्रिक पेट्रोल पंप इंजिन थांबलं की थांबतो. तरी कोम्बीची टाकी पंपापेक्षा उंचावर असल्यामुळे जळून तुटलेल्या पाइपातून पेट्रोल आपल्या वजनानेच खाली येत राहतं. त्यासाठी टाकीजवळ, कप्प्याच्या बाहेर, करंट नसताना बंद राहणारा सोलेनॉइड (विजेने उघडणारा) व्हॉल्व्ह बसवा आणि तो इग्निशनवर जोडा. किल्ली बंद की पेट्रोल बंद. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना एलपीजी किट बसवणाऱ्यांकडे असा व्हॉल्व्ह मिळतो, त्या किटमध्ये पेट्रोल तोडायला तोच वापरतात.

इलेक्ट्रिक पंप असेल, तर त्याचा रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) अग्निशामकाच्या प्रेशर स्विचवरून, म्हणजे आतला दाब उतरला की सुटणाऱ्या स्विचवरून न्या. दाब शाबूत असेपर्यंतच पंपाला करंट मिळेल अशी जोडणी करा. म्हणजे अग्निशामक फुटला किंवा स्विचची वायर जळून तुटली, तरी पंप थांबेल. उलटी जोडणी केली, म्हणजे फुटल्यावर रिलेला करंट मिळून पंप बंद होईल अशी, तर वायर जळताच सगळी सोय वाया जाते. बंद नळीच्या प्रकारात प्रेशर स्विचची सोय आहे का, हे घेतानाच विचारा.

तपासणी: इंजिन चालू ठेवून स्विचची वायर काढा. पंपाचा आवाज लगेच थांबला पाहिजे. इंजिन कार्ब्युरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत चालेल, ते ठीक आहे. वायर परत लावून व्हॉल्व्हचीही अशीच परीक्षा घ्या.

याच रिलेवरून डॅशबोर्डला एक लाल दिवा आणि बझर जोडा. मागे इंजिन असलेल्या गाडीत ड्रायव्हरला आग सगळ्यात शेवटी कळते.

## पायरी ७: फुटला तर काय करायचं

प्रवासाला निघण्याआधी गाडीतल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा.

गाडी कडेला घ्या आणि लगेच किल्ली बंद करा. इंजिन चालू राहिलं, तर कोम्बीचा पंखा विझवणारा वायू बाहेर फेकत राहतो. सगळ्यांना उतरवा आणि वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला दूर उभं करा. ११२ किंवा १०१ ला फोन करा.

इंजिनचं झाकण उघडू नका. उघडलं की साचलेला वायू जातो आणि ताजी हवा आत शिरते. निदान पंधरा मिनिटं थांबा. हाताने वापरायचा २ किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक ड्रायव्हरच्या दाराजवळ हवाच. धूर वाढत असेल, तर झाकण बोटभर उघडून त्या फटीतून मारा.

कोम्बीच्या इंजिनचा मुख्य भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. तो पेटला, तर पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा उजेड दिसतो. मग यातला कोणताही अग्निशामक उपयोगाचा नाही, आणि पाणी मारलं तर आणखी भडकतो. तसंच आग केबिनमधल्या स्वयंपाकाच्या गॅसकडे सरकली, तर सामान वाचवायला आत जाऊ नका. लांब व्हा, लोकांना लांब ठेवा आणि अग्निशमन दलाला सिलिंडर आत आहे हे सांगा.

पावडर उडाली असेल, तर सफाई त्याच दिवशी करा. एबीसी पावडर ओलावा धरते आणि ॲल्युमिनियम व वायरींची टोकं खाते. आधी कोरडी हवा मारून काढा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, मग साध्या पाण्याने. कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टर उघडून साफ केल्याशिवाय इंजिन फिरवू नका.

## देखभाल

पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळ्या रेघा बघा. त्यानंतर दर महिन्याला मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघा, शक्यतो सकाळी गाडी थंड असताना, कारण दुपारी उष्णतेने दाब वाढलेला दिसतो आणि हळूहळू होणारी गळती लपते. मीटर नसलेली नळी काढून वजन करावं लागतं. लेबलवरच्या वजनापेक्षा ती हलकी भरली, तर बदला.

वर्षातून दोनदा, एप्रिलच्या सुरुवातीला आणि पावसाळा संपल्यावर, नळीवरचा तेलाचा थर कोरड्या कापडाने पुसा. थर साचला की आच उशिरा लागते. पुसायला पेट्रोल किंवा थिनर वापरू नका. त्याच वेळी पायरी १ मधला कागद परत फिरवा आणि पेट्रोलचे पाइप चाचपा. बदलण्याची तारीख पेंटने इंजिनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे ती पुढच्या मिस्त्रीलाही दिसेल.